मावशीचा दिवा

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. सगळं आयुष्य शिलाईच्या मशीनवर गेलं. कापड हाताला लागतं तेवढंच असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्या गावात उतरल्यापासून माझ्या सासूबाई आमच्या मागून चालत होत्या, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"सारखी मागे काय बघतेस?" हे म्हणाले.

"तुमच्या आई भिंतीला धरून येतायत. जरा हळू चला."

एरवी चिडले असते. त्या दिवशी खरंच हळू चालायला लागले. तेव्हा मात्र मीच मागे बघायचं सोडलं.

सासूबाई मूळच्या त्या गावच्या. त्या लहान असताना, मोठ्या लढाईच्या वेळी, तिथे ज्यू माणसांना घराघरांतून काढून न्यायला सुरुवात झाली. वडिलांनी जिवाचा आटापिटा करून बोटीवर जागा मिळवली, ती एका मुलीपुरतीच. मोठी, म्हणजे सासूबाई, बोटीवर चढली. धाकटी अगदीच लहान, तिला तळमजल्यावरच्या धोबिणीच्या पदरात टाकलं. मोठी आमच्या मुलखाला लागली, आमच्याच, म्हणजे इथल्या मराठी ज्यू समाजातल्या मुलाशी तिचं लग्न झालं, आणि मराठी अशी शिकली की भाजीवाले तिला वचकून असायचे. आई-वडील मारले गेले, हे लढाई संपल्यावर कळलं. धाकटीचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाने दर वर्षी दिवा लावतात आणि घरातला पुरुष कद्दिश म्हणतो, म्हणजे मेलेल्यांसाठीची प्रार्थना. सासूबाई आईचा दिवा लावायच्या, वडिलांचा लावायच्या, मग आणखी एक काडी ओढायच्या आणि ती तशीच बोटांत जळू द्यायच्या. चटका बसला की टाकायच्या. "जिवंत माणसाचा दिवा लावू नये," म्हणायच्या, "आणि मेलेल्याला अंधारात ठेवू नये. मी करू काय?" अंथरुणाला खिळल्यावर यांचा हात धरून एकच गोष्ट सांगितली, "तिचा दिवा लावायचा की नाही, ते बघून ये." बघून ये! जसं काही दूध उतू जातंय का ते बघून यायचं होतं.

आणि हे पडले भूमितीचे मास्तर. उत्तर आल्याशिवाय वही मिटायची नाही, ही जन्माची खोड. निवृत्त माणसाने स्वस्थ बसावं, डोळे तपासून घ्यावेत, ते राहिलं बाजूला. त्या वर्षी आजी-आजोबांचे दिवे लावताना यांचाही हात अडला. मग म्हणाले, "चल, जाऊन येऊ." मी म्हटलं, "इतक्या वर्षांनी कोण भेटणार आहे तिथे?" तर म्हणाले, "कुणी भेटलं नाही तर थडगं भेटेल." अशा माणसापुढे काय डोंबल बोलणार?

तिथे आम्ही एक गाईडबाई ठरवली होती. जुनी गावं आणि ज्यू लोकांच्या खुणा दाखवणं हाच तिचा धंदा. इंग्रजी चांगलं, चाल तुरुतुरु. "ही शाळा होती. हे स्नानगृह होतं. इथे पाव भाजायची भट्टी होती." मी म्हटलं, "बाई गं, तुमच्या गावात आहे असं काही आहे का?" ती हसली नाही. म्हणाली, "अर्धं गाव त्यांचं होतं. एका आठवड्यात रिकामं झालं. दुसऱ्या आठवड्यात भरलं." मग माझंही हसू गेलं. गल्लीतल्या खिडक्यांत कुंड्या होत्या, पडदे स्वच्छ होते, आणि आम्ही जवळ आलो की एकेक पडदा हलायचा. कुणी बाहेर डोकावत नव्हतं.

सिनेगॉगचं, म्हणजे प्रार्थनाघराचं, आता गाद्यांचं दुकान झालं आहे. छत तेच, निळं, त्यावर सोनेरी चांदण्या. वर बायकांची बसायची गॅलरी, तिथे लहान मुलांचे पलंग मांडलेले. धर्मग्रंथाचं कपाट असायचं त्या कोनाड्यात उशांची चळत. विक्रेता मोठा अगत्याचा. गाईडबाईला म्हणाला, पाहुण्यांना झोपून बघायला सांगा, बघायला पैसे पडत नाहीत.

"इथे? झोपायचं?" मी म्हटलं. "मेले तरी झोपणार नाही."

आणि तोंडातून ते गेलं मात्र, मागे सळसळ झाली. कापडाचा आवाज मला कुणी शिकवायला नको. पुष्कळ माणसं एकदम उठून उभी राहतात, तेव्हा झग्यांचा, शालींचा, कोटांचा जो आवाज होतो, तोच होता. मी गर्रकन वळले. रांगेने गाद्या, प्लास्टिकमध्ये बांधलेल्या. वारा नाही, पंखा नाही. मी यांच्याकडे पाहिलं, तर यांचा चेहरा पांढराफटक पडलेला.

"ऐकलंत?" मी विचारलं.

"चल बाहेर," एवढंच म्हणाले आणि माझा हात धरला. चारचौघांत यांनी माझा हात धरल्याचं मला तरी आठवत नाही.

घर मागच्याच गल्लीत निघालं. सासूबाईंनी सांगितलं होतं तसंच, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर, अरुंद, तीन मजली. तळमजल्यावर किल्ल्या बनवायचं दुकान होतं. किल्लीवाला साठीचा, दणकट, कानस धरून किल्ली घासत बसलेला. गाईडबाईने आमची ओळख करून दिली आणि आम्ही कुठल्या कुटुंबाचे ते सांगितलं. त्याचा हात थांबला. मग तो भराभर काहीतरी बोलला.

"म्हणतो, घराचे कागद पक्के आहेत," गाईडबाई म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नका. इथे सगळ्यांना हीच धास्ती असते, जुने मालक घर मागायला येतील अशी."

माझं डोकंच फिरलं. "आम्हाला काय करायचंय याचं घर? आमचंच झाडून होत नाही आमच्याने! सांगा त्याला."

तिने किती सांगितलं देव जाणे. हे मध्ये पडले. शांतपणे म्हणाले, "आम्हाला घर नको. इथे एक धोबीण राहायची. तिच्याकडे एक लहान मुलगी ठेवली होती. ती जगली की गेली, एवढंच सांगा. आम्ही लगेच जातो."

किल्लीवाल्याने मान हलवली. ती धोबीण त्याची आजी. वारली कधीच. तिला एकच मुलगी, ती त्याची आई. दुसरी कुठली मुलगी या घरात कधी नव्हती. एवढं बोलून त्याने पुन्हा कानस उचलली, म्हणजे आम्ही निघावं.

यांचे खांदेच पडले. इतक्या लांब येऊन उत्तर काय, तर नाहीच. हे दाराकडे वळले आणि बाहेर पडता पडता यांचा हात वर गेला, चौकटीला, आत येताना उजवीकडे येते त्या बाजूला टेकला आणि ओठांशी आला. आमच्या घरी दाराच्या चौकटीला त्या जागी मेझुझा असतो, प्रार्थनेचा कागद आत घातलेली बोटभर लांबीची डबी. येता-जाता तिला हात लावून बोटं ओठांना लावायची, पावलं टाकायला लागल्यापासूनची सवय. इथे तर डबी नव्हती. नुसतं रंगवलेलं लाकूड. यांच्या ते ध्यानातही नव्हतं, हाताने आपलं काम केलं.

मागे लोखंड फरशीवर पडल्याचा आवाज झाला. किल्लीवाला उभा होता.

"हे काय केलंत तुम्ही?" गाईडबाईने त्याचं बोलणं आम्हाला सांगितलं तेव्हा तिचाच आवाज बारीक झाला होता. "विचारतोय, आत्ता हाताने काय केलंत?"

यांनी सांगितलं. किल्लीवाला ऐकत होता आणि चौकटीकडे बघत होता.

"माझी आई करते हे," तो म्हणाला. "त्याच जागी. जन्मभर. आजी तिच्या हातावर फटके मारायची, पोर असताना. गल्लीतली मुलं तिची नक्कल करायची, मीसुद्धा केली आहे. आम्हाला वाटायचं, तिच्या हाताला काहीतरी रोग आहे." मग स्टुलावर बसला आणि म्हणाला, "ती वर आहे."

यांनी कठडा धरला. जिना इतका अरुंद की एकामागून एक चढावं लागलं.

वर खिडकीपाशी म्हातारी बसली होती. मांडीवर एक रुमाल, तो घडी करायची, उलगडायची, पुन्हा घडी करायची. आमच्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं. मी मात्र तिच्यावरून नजर काढू शकले नाही. डावा खांदा उतरता. सासूबाईंचं सगळं शिवण माझ्या हातचं, डाव्या खांद्याला आतून कापडाची जाड पट्टी घातल्याशिवाय त्यांच्या अंगावर काही नीट बसायचंच नाही. इथे तोच खांदा होता, तसाच बारीक, आणि त्यावरून अंगरखा तसाच घसरलेला.

"अहो, खांदा बघा," मी म्हटलं.

"बघतोय," हे म्हणाले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पुसायचंही भान नव्हतं.

किल्लीवाला आमच्या आणि तिच्या मधे उभा राहिला. आता तो रागात नव्हता. हात जोडल्यासारखे धरून बोलत होता. "तिला सांगू नका. तिला आता दिवस-रात्र कळत नाही. मी तिचा मुलगा, हेही कधी कधी कळत नाही. पण तिची आई, माझी आजी, आठवते. रोज आईचं नाव घेऊन झोपते. आईच्या शेजारी, चर्चमागच्या दफनभूमीत, तिची जागा राखून ठेवली आहे. या वयात तिची आई तिच्याकडून काढून घेऊ नका."

माझ्या जिभेवर किती आलं म्हणून सांगू! तुझ्या आजीने सांभाळली, उपकार झाले, हजारदा उपकार. पण दुसऱ्या आईचं काय? जिने पोटच्या पोरीला दुसऱ्याच्या दारात सोडलं, तिने कुठे जायचं? आणि आमची म्हातारी, काडी हातात धरून चटके घेत बसलेली? तिचं कोण बोलणार? मी तोंड उघडलं तेवढ्यात यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"नाही सांगणार," हे म्हणाले. "शब्द देतो. मला पाहिजे ते मिळालं. मावशी आहे. दिवा लावायचा नाही."

असा राग आला मला यांचा! एवढा समुद्र ओलांडायचा आणि मावशीला मावशी म्हणायचं नाही? पण शब्द यांनी दिला होता, आणि या माणसाने दिलेला शब्द कधी मोडल्याचं मी पाहिलेलं नाही.

निरोप घ्यायला हे म्हातारीसमोर वाकले. तिचा रुमाल थांबला. तिने दोन्ही हातांनी यांचं तोंड धरलं आणि उजेडाकडे वळवलं. हे दिसायला हुबेहूब आईसारखे, तेच कपाळ, त्याच जाड भुवया. म्हातारी बघत राहिली. मग बोलली.

आवाज म्हातारीचा नव्हताच. पोरीचा होता, बारीक, श्वास कोंडून धरल्यासारखा. आणि भाषा त्या गावची नव्हती. गाईडबाई गोंधळून आमच्याकडे बघायला लागली. किल्लीवाल्याचं तर तोंडच उघडं पडलं. मला कळली, कारण सासूबाई रागावल्या की याच भाषेत बोलायच्या, आणि यांना झोपवायच्याही याच भाषेत. त्यांच्या माहेरच्या, ज्यू घरांतल्या बोलीत.

"ताई आली का?" म्हातारीने विचारलं.

यांनी शब्द दिलेला.

"ती म्हणाली, मी न्यायला येईपर्यंत तुझं नाव कुणाला सांगायचं नाही. कुणी मारलं तरी नाही." तिने यांचं तोंड आणखी घट्ट धरलं. "मी नाही सांगितलं. एकदासुद्धा नाही. आता सांगू?"

"काय म्हणतेय ती?" किल्लीवाला गाईडबाईला विचारत होता. "कुठली भाषा आहे ही? तिला ही भाषा येत नाही!"

यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग गुडघे टेकून खाली बसले, मावशीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि आईच्या बोलीत म्हणाले, "हो. आली आहे. सांग."

तिने सांगितलं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग घराण्याचं, एका दमात, हरवलं तर सांगता यावं म्हणून लहान मुलांकडून घोकून घेतात तसं. आधी पुटपुटली. कुणी मारलं नाही, कुणी गप्प बस म्हटलं नाही, तेव्हा पुन्हा म्हणाली, मोठ्याने. मग आणखी मोठ्याने, खिडकीकडे तोंड करून, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. रडत नव्हती. हसत होती.

किल्लीवाला माझ्याकडे वळला. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत गाईडबाईला सांगितलं, आणि तिने त्याला.

"तुमची आई तिचं नाव सांगते आहे."

"पण तिचं नाव तर..." तो म्हणाला, आणि तिच्याजवळ जाऊन खाली बसला.