पलीकडची वसाहत

ओमानच्या दक्षिण किनाऱ्यापासून दूर, वस्ती नसलेल्या एका बेटासमोर बोटीने नांगर टाकला, तेव्हा नूतनबाई केव्हाच तयार होऊन डेकवर बसल्या होत्या. मस्कतमधल्या बौशर भागातले बिऱ्हाड आवरून त्या आणि त्यांचे यजमान कृष्णकांत पुढच्या महिन्यात कायमचे पुण्याला परतणार होते. तिथल्या शाळेत नूतनबाईंनी जीवशास्त्र शिकवले होते. मास्क्ड बूबी हा काळ्या तोंडाचा पांढराशुभ्र समुद्रपक्षी या देशात घरटे करतो, हे त्या दर वर्षी मुलांना सांगत. पण पाहिला मात्र कधीच नव्हता. या सफरीचा हट्ट त्यांचाच होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर खडकांवरून चालताना त्यांना नवऱ्याचा हात लागे, एवढीच अडचण होती.

वाटाडी खुदेजा मस्कतची बलुची, हिंदी सफाईने बोलणारी. उतरण्यापूर्वी तिने सगळ्यांचे बूट घासून घेतले, खिसे उलटे करायला लावले आणि नियम सांगितले. घरट्यांभोवती बांधलेली दोरी ओलांडायची नाही. अन्नाचा कणही जमिनीवर राहता कामा नये. ज्याच्याकडून राहील, तो उद्या बोटीवरच थांबेल. बूबींची वसाहत बेटाच्या पलीकडच्या अंगाला होती आणि तिथे उद्याच जायचे होते.

दुपारी किनाऱ्यावर ताडपत्री अंथरून डबे उघडले गेले. कृष्णकांतांनी दहीभाताच्या डब्याभोवती पाणी फिरवले आणि शेजारच्या सपाट दगडावर भाताची शिते मांडली. मुंज झाल्यापासून चित्राहुती घातल्याशिवाय ते जेवले नव्हते, बांधकामाच्या साइटवरसुद्धा नाही. हे अन्न टाकणे आहे, असे त्यांच्या मनातही आले नाही.

"अहो, इथे नको."

"चार शितं गं. मुंग्या खातील."

"इथे कुठल्या मुंग्या? बोलवा पुण्याहून!"

मुंग्या आल्या नाहीत. एक कुरव पक्षी आला, त्याच्यामागून आणखी आले आणि दगडावर झोंबाझोंबी सुरू झाली. दोरीपलीकडे वाळूत अंड्यावर बसलेली सुरय पक्ष्याची मादी बिचकून उडाली. तेवढ्यात एक कुरव तिकडे वळला. अंडे चोचीत धरून तो निघून गेला. मादी ओरडत त्याच्यामागे गेली, परतली आणि रिकाम्या खळग्यात बसली.

"अंकल, ये चावल आपने रखा?" खुदेजाने विचारले.

"हां. पर गिराया नहीं, बेटा. हम लोग पहले दूसरों को देते हैं, फिर खाते हैं."

"समझी. लेकिन किसको दिया, देखा ना आपने? कल आप बोट पर."

संध्याकाळी डेकवर जितेश तावातावाने आला. मस्कतच्याच अल खौद भागातला हा तरुण सफरीचा आयोजक होता. "काकू, बोट आपण भाड्याने घेतलीय. मी थेट अर्बाबला, बोटीच्या मालकालाच, फोन लावतो. काकांना सोडलंच पाहिजे."

कृष्णकांतांनी आशेने बायकोकडे पाहिले.

"नको," नूतनबाई म्हणाल्या. "यांनी केलं, हे थांबतील."

"मग तुम्ही कशा जाणार?"

"बघू."

जितेश गेल्यावर कृष्णकांत म्हणाले, "रागावलीस."

"हो. पण म्हणून नाही म्हटलं, असं समजू नका."

सकाळी त्या जितेशच्या हाताला धरून उतरल्या. कृष्णकांत दुर्बीण घेऊन कठड्याशी उभे राहिले. सपाटीवर सगळे ठीक होते. चढ लागला तसे जितेश ओढू लागला. कुठला पाय आधी उचलायचा, हे त्याला ठाऊक नव्हते. दोनदा तोल गेल्यावर नूतनबाईंनी त्याचा हात सोडला आणि त्या खडकावर बसल्या. आता त्या तिथेच राहतील, असे कृष्णकांतांना वाटले. परंतु त्या बसल्या बसल्याच, हातांवर भार देत, मागे मागे वर सरकू लागल्या. खुदेजाने रांग थांबवली. कोणी हसले नाही. काही वेळाने नूतनबाई माथ्यापलीकडे दिसेनाशा झाल्या. त्यानंतर दुर्बिणीत नुसता खडक राहिला. तरी कृष्णकांतांनी ती खाली ठेवली नाही.

परतल्या तेव्हा नूतनबाईंचे तळवे सोलवटले होते आणि पँट मागून फाटली होती.

"दिसली?"

"दिसली. घरट्यावर बसलेली. आम्ही थांबलो, पाहिलं, निघालो. शेवटपर्यंत उठली नाही."

"मी असतो तर..."

"तुम्ही असता तर मी चालत गेले असते. सरका जरा, पाय लांब करू द्या."

कृष्णकांत सरकले.