मी डावीकडे ओढतो

अकरा भरलेल्या बाटल्या.

कुलूप हरवलेली एक किल्ली.

ओल्या हातांनी टीव्हीशेजारी उभी राहिलेली बाई, उजवा पंजा हवेत: थांब.

डावीकडे. सतत, थोडंसं डावीकडे.

"काका, हा गेला. फेकून द्या."

मित्रांनो, या तुकड्यांना बिचकू नका. सगळे माझेच आहेत आणि हळूहळू आपापल्या जागी बसतील. मी व्हिडिओ गेमचा कंट्रोलर आहे. वय वर्षं नऊ. आमच्या जातीत याला म्हातारपण म्हणतात. पाठीला पांढरी चिकटपट्टी, एका बटणावरची खूण पार पुसलेली, आणि डावी दांडी अशी की कुणी बोट लावलं नाही तरी ती आपली डावीकडे कलते. याला लोक बिघाड म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने माझं एकेक बटण दाबून पाहिलं, मान हलवली आणि मला खोक्यात टाकलं. तिथून मी आलो या घरातल्या लेकीच्या हातात. तेव्हा ती अकरावीत होती. पाच वर्षं तिने मला असं राबवलं की माझी दांडी झिजली. मैत्रिणी आल्या की नवा कंट्रोलर त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "हा जुना माझा. याला हात लावाल तर बघा!" कौतुक असतं ते याहून काय वेगळं?

मग तिला दूरच्या शहरात नोकरी लागली. नवा कंट्रोलर तिच्याबरोबर गेला, मी खणात. खणात संपलेले सेल होते, मोजपट्टी होती आणि ती किल्ली. किल्ली रोज उसासा टाकायची, "आपलं काम संपलं रे." चार वर्षांत मी तिला एकदाही होकार दिला नाही.

आता बाबांची ओळख करून देतो. बाबा म्हणजे लेकीचे वडील, बंदरावरचे क्रेन ऑपरेटर. सव्वीस वर्षं उंच केबिनमध्ये बसून त्यांनी जहाजांवरचे कंटेनर असे उतरवले की पेल्यातलं पाणी हलू नये. मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कंपनीच्या डॉक्टरने कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि बाबा घरी आले, केबिनमधली उशी काखेत मारून. त्याला आठ महिने झाले. या आठ महिन्यांत लेकीशी फोनवरचं त्यांचं बोलणं एवढंच:

"जेवलात?"

"जेवलो."

"बरं."

"बरं."

एका सोमवारी मात्र लेक पुढे बोलली. समुद्राची पाहणी करणाऱ्या जहाजावर तिला सहा महिने जायचं होतं. तिथे फोन नाही, नेट नाही. "निघायच्या आधी, रविवारी सकाळी दहा वाजता मी मोकळी आहे, बाबा. एक तास माझ्याबरोबर खेळा ना. माझा गेम घरीच आहे, जुना कंट्रोलर खणात असेल. फक्त एक अडचण आहे. पुलापलीकडे गेल्याशिवाय दोघांना एकत्र येता येत नाही, आणि पुलाच्या दारात एक राक्षस बसलाय. तो तुमचा तुम्हालाच पाडावा लागेल."

"बघतो," बाबा म्हणाले. आणि त्यांनी खण उघडला.

आधी ते मला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने मला जोडून पाहिलं आणि सुरुवातीचं ते वाक्य ऐकवलं: "काका, हा गेला. फेकून द्या." बाबांनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "माझी क्रेन सव्वीस वर्षं उजवीकडे ओढत होती," ते म्हणाले. "अजून चालू आहे ती."

मित्रांनो, त्या दिवशी मी ठरवलं: हा माणूस पुलापलीकडे जाणार, म्हणजे जाणार.

आता खेळाचे धडे सांगतो. क्रमाने नाही, कारण बाबा काही क्रमाने मेले नाहीत.

धडा चौथा. बाटल्या प्यायच्या असतात. गेममध्ये जखम भरून काढायला औषधाच्या बाटल्या मिळतात. बाबांनी अकरा साठवल्या. राक्षसाच्या पहिल्याच घावाला जीव दाखवणारी लाल पट्टी तळाला गेली, दुसऱ्याला संपली, आणि बाबा अकराच्या अकरा भरलेल्या बाटल्यांसकट गतप्राण झाले. आई सोफ्यावर बसून मटार सोलत होती. "त्या काय बारशाला ठेवल्या होत्या?" ती म्हणाली.

धडा पहिला. दोन दांड्या असतात. डावीने चालायचं, उजवीने बघायचं. मंगळवारची अख्खी सकाळ बाबांचा योद्धा आभाळाकडे बघत भिंतीला धडकत होता.

धडा सहावा. दम जपा. लाल पट्टीखाली हिरवी पट्टी असते, ती म्हणजे दम. वार केला की दम जातो, कोलांटी मारून घाव चुकवला की दम जातो. बाबांचा अंगठा थरथरायचा, एकदा दाबायचं बटण दोनदा दाबलं जायचं. एकाऐवजी दोन कोलांट्या, दम खलास, आणि वरून हातोडा.

"या वॉचमनला गेटपास दाखवून चालत नाही का?" बाबा बुधवारी म्हणाले. तेव्हापासून राक्षसाचं नाव वॉचमन पडलं.

धडा दुसरा, आणि हा सगळ्यांत जड. जग मोकळं आहे. दार उघडत नसेल तर पाठ फिरवा, हिंडा, कणखर होऊन परत या. बाबांना हे पटेना. दोन दिवसांत ते वॉचमनपुढे एकतीस वेळा मेले, पण जागचे हटले नाहीत. शेवटी लेकीने फोनवर सांगितलं, "अहो बाबा, घोडा दिलाय ना तुम्हाला? फिरा जरा!"

"हातातलं काम अर्धवट टाकून?"

"हे टाकणं नाही. तयारी आहे."

मग गुरुवार, शुक्रवार बाबा हिंडले. पडक्या विहिरीत उतरले. वाटेतल्या प्रत्येक विसाव्याच्या दगडाशी थांबले, कारण तिथे बसलं की तोवरचा खेळ जतन होतो. एका मोडक्या गिरणीत त्यांना एक कडं सापडलं. ते घातलं की दमाची पट्टी दीडपट होते. म्हणजे दोन कोलांट्या झाल्या तरी वार करण्यापुरता दम उरतो! बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला तोंड असतं तर मी शीळ घातली असती.

शनिवारी मात्र दिवसभर हार. नवं कडं, धारदार केलेली तलवार, प्यायलेल्या बाटल्या, सगळं करून हार. रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत आणखी सहा वेळा. बाबांचा हात आता इतका थरथरत होता की मीही खडखडत होतो. त्यांनी मला टेबलावर ठेवलं.

"सांग तिला," ते आईला म्हणाले, "म्हणावं, नाही जमलं."

आई भांडी घासत होती. ती तशीच ओल्या हातांनी बाहेर आली. "मी नाही सांगायची. तुमच्या तोंडाने सांगा." मग पडद्याकडे बघत म्हणाली, "आणि मला एक कळत नाही. तुम्ही सारखे आपल्याच तलवारीकडे काय बघत बसता? उभी हयात खालून सिग्नल देणाऱ्या माणसाच्या हाताकडे बघून क्रेन चालवलीत. मग याच्या हाताकडे बघा की! मारायच्या आधी तो खांदा उचलतो. मटार सोलता सोलता मला दिसलं, तुम्हाला दिसू नये?"

बाबा हळूच म्हणाले, "तलवारीवरून नजर हटत नाही गं. क्रेनच्या हुकवर डोळा ठेवायची सवय."

"मग मी देते सिग्नल."

क्रेनच्या परवान्याच्या परीक्षेच्या वेळी बाबांनी स्वयंपाकघरात दोरीला आमटीचा डाव टांगून सराव केला होता. तेव्हा सिग्नलवाली आईच होती. ती टीव्हीशेजारी उभी राहिली. पंजा उभा: थांब. हात आडवा झटकला: कोलांटी. बोट वर करून फिरवलं: घाल घाव.

बाबांनी मला उचललं.

पंजा. थांबले. वॉचमनचा खांदा वर गेला. हात आडवा. कोलांटी, थरथरीने दुसरी कोलांटी, आणि दम उरला! बोट फिरलं. घाव. वॉचमन डावखुरा होता; त्याचा हातोडा चुकवायचा तर त्याच्याभोवती डावीकडून फिरायचं. डावीकडून! मित्रांनो, इतकी वर्षं मी दुसरं काय म्हणत होतो? त्या सकाळी बाबांनी मला उलटं रेटलं नाही. मी ओढत गेलो, ते येत गेले.

"बाटली प्या!" आई ओरडली. प्यायले.

दहाला तीन मिनिटं कमी असताना वॉचमन गुडघ्यावर आला आणि मातीसारखा ढासळला. आई म्हणाली, "हां." बाबांनी योद्ध्याला पुलावर नेलं.

पुलावर निळ्या अंगरख्यातली एक योद्धा उभी होती. ती वाकली; नमस्कार करायचं बटण तिला माहीत होतं. बाबांना नव्हतं. त्यांनी घाईत तलवारच उपसली.

"अहो बाबा, मी आहे!" टीव्हीतून लेकीचा आवाज आला आणि हसू. "चला, तुम्हाला समुद्र दाखवते. अहो, तुम्ही तिरपे का चालताय?"

"कंट्रोलर तसा आहे."

"मी नवा पाठवते."

"नको."

ते तासभर चालले. जेवणाचा विषय निघाला नाही. समुद्राशी पोचल्यावर बाबांनी तिला क्रेनबद्दल सांगितलं, हाताबद्दल सांगितलं, डॉक्टरच्या त्या दोन ओळींबद्दलही.

मित्रांनो, इथे माझ्यासारख्याने हात जोडून म्हणायचं असतं: आम्हाला जपा, पुसा, मऊ कापडात गुंडाळून ठेवा. मी नाही म्हणणार. जपून ठेवायची जागा मी पाहिली आहे, तिथे एक किल्ली उसासे टाकते. मला वापरा. दांडी पार तुटेपर्यंत वापरा. मी ज्या बाजूला ओढतो ती ओळखा आणि कधी मला उलट रेटा, कधी माझ्याबरोबर या. आणि कुणी म्हणालं, "हा गेला," तर आधी विचारा, कुठे गेला?

बाबांनी मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा उलटं धरलं होतं, बटणं जमिनीकडे; तरी पोचलो की नाही पुलापलीकडे?