चुन्याचा सदरा

तुळजाबाई थापा मारते, हे शिवथरच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं आणि खुद्द तुळजाबाईला त्याची लाज सोडाच, उलट मिजास होती. तिचा नवरा हैबती पलटणीत होता. त्यानं म्हणे पुराच्या नदीतून अख्खं खेचर खांद्यावर घालून पलीकडं नेलं आणि काठावर उतरवलं तेव्हा कळलं, की खेचरावर गोरा साहेब घोरत पडलाय. आळीतल्या गणूनं तर ब्रह्मदेशात एका वाघाला असा काही दम भरला, की वाघ तीन रात्री तंबूबाहेर पहारा देत बसला. ऐकणारे पोट धरून हसायचे. त्यामुळं अठ्ठ्याण्णव साली, शिमगा आठ दिवसांवर असताना, ती जन्मात पहिल्यांदा शपथेवर खरं बोलली, तेव्हाही गाव हसलंच.

झालं होतं असं, की गावात एसटी यायची होती. वरपर्यंत रस्ता मंजूर झाला, महाडहून मोजणीचा साहेब आला, त्यानं टेप लावली आणि रस्त्याची रेघ नेमकी ओढ्याकाठच्या तीन दगडांवरून गेली. गणूचा, चांगूचा आणि हैबतीचा दगड, एकाच पलटणीतल्या तिघांच्या आठवणीचे. गणू लढाईतून आलाच नाही, कागद आला. चांगू आणि हैबती पेन्शन घेऊन घरी आले, बांधावरून भांडभांड भांडले आणि एकाच पावसाळ्यात, आठ दिवसांच्या अंतरानं, तापानं गेले. त्यांच्या पलटणीतल्या एका म्हाताऱ्या सुभेदारानं पाचाडकडचा पाथरवट आणून तिघांचे दगड एका रांगेत रोवले.

दगड रोवताना बायकांनी तिथं जायची रीत नव्हती. तुळजाबाई आणि चांगूची रखमा, दोघी विधवेचा कोपरा धरून घरात बसलेल्या. दोघी पहिल्यांदा तिथं गेल्या त्या शिमग्याला, तोवर गावच्या पोरांनी चुन्याचा जाड हात देऊन दगड पांढरेफेक केले होते. रडत होत्या, कुठला कुणाचा कळेना. तेव्हा विशीतल्या कुशाबानं बोट दाखवलं होतं: मधला हैबतीभाऊ, ओढ्याकडचा चांगूदादा.

तेव्हापासून चाळीस वर्षं दर शिमग्याआधी दोघी दगडांना चुन्याचा हात देत. दासगावच्या खाडीतल्या शिंपल्यांचा चुना, त्यात गुळाचं पाणी, म्हणजे आमच्याकडच्या पावसालाही तो हटत नसे. एक नेम कडक होता, जुना चुना खरवडायचा नाही. चुना म्हणजे त्यांचा सदरा, आणि मेल्या माणसाच्या अंगातला सदरा कुणी ओढून काढतं काय? सदऱ्यावर सदरा चढत गेला. दगड असे फुगले, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, तीन गरवार बायका उन्हाला बसल्यात.

आता तोच कुशाबा सरपंच होता. साहेब म्हणाला, दगडांवर नावं असतील तर स्मारक म्हणून नोंद करता येईल, रस्ता दोन मीटर सरकवता येईल. नावं नसतील तर हे नुसते दगड, रस्त्याखालच्या मोरीच्या भिंतीत कामाला येतील. कुशाबानं मान हलवून सांगून टाकलं, की नावंबिवं काही नाहीत, जन्म गेला, कुणी बघितली नाहीत. गड्यांनी पहारी उचलल्या. तेवढ्यात रखमाला घेऊन तुळजाबाई आली आणि मधल्या दगडाला टेकून पाय पसरून बसली.

"वैनी, तुला एसटी नको काय?" कुशाबा म्हणाला.

"यील की एसटी. पर माज्या नवऱ्याच्या छाताडावरनं नाय जायाची. नावं हायेत खाली. सुभेदार माज्या दारात येऊन सांगून गेला व्हता. तुळजाभवानीची शपथ."

गडी हसले. एकानं विचारलं, वाघ पण आहे काय खाली, पहाऱ्यावर?

साहेब बिचारा भला माणूस, पुस्तकातल्यासारखं बोलायचा. म्हणाला, "आजी, एवढा चुना खरवडून दाखवा. नाव दिसलं, तर मी लिहून घेतो."

रखमा किंचाळलीच, की हात लावायचा नाही. तुळजाबाईनं मागं वळून दगडाकडं बघितलं. तिला अक्षर येत नव्हतं आणि चुन्याखालचा दगड तिनं कधी बघितलाच नव्हता. सुभेदारानं सांत्वनाला चार शब्द बोलावेत तसं ते सांगितलं असलं तर? खाली कोरा दगड निघाला तर? चाळीस वर्षं ती गावाला थापा मारत होती, आणि सगळ्यांत मोठी थाप कुणीतरी तिलाच मारून गेलं असेल तर? पण पहारीवाले बघत होते आणि तिच्याच्यानं उठवेना. तिनं कमरेचं खुरपं काढलं.

"वाईच थंडी वाजंल, सोसा," ती दगडाला म्हणाली आणि खुरप्याची मूठ हाणली.

पहिल्यांदा काही झालं नाही. चौथ्या घावाला तडा गेला आणि भाकरीएवढी जाड खपली सुटून तिच्या ओटीत पडली. दगड काळाभोर, ओला असावा तसा. त्यावर सरळ रेघेत कोरलेलं काहीतरी. आता कुणी हसेना. साहेब गुडघ्यावर बसला, बोटानं पांढरी भुकटी झटकली.

"नाईक," त्यानं वाचलं. "नाईक चांगू राघू उतेकर."

"परत वाच."

त्यानं परत वाचलं. चांगूच होता.

तुळजाबाई उठली, ओढ्याकडच्या दगडाशी गेली, आणि कुणाला न विचारता त्याचाही सदरा फोडला. सिपाई हैबती धोंडू सकपाळ. सगळ्यांची तोंडं कुशाबाकडं वळली. तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. म्हणाला, की तुम्ही दोघी इतक्या रडत होता, काहीतरी दाखवावं म्हणून दाखवलं, मलाही तेव्हा वाचता कुठं येत होतं.

रखमा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हंजे चाळीस वरसं तू माज्या नवऱ्याला बिडी ठेवलीस? त्यानं जन्मात बिडी शिवली नव्हती गो."

"मेल्यावर शिकला असंल."

"आनि शिव्या? दर शिमग्याला आपला नवरा समजून त्याच्या तोंडावर शिव्या देत व्हतीस."

"मग तू काय माज्या नवऱ्याला कमी लाडू चारलेस? तरीच मेला एकदा सपनात आला नाय. तुज्या लाडवावर रमला."

आता हसू फुटलं ते रखमालाच. कुशाबाला वाटलं, गोंधळात आपलं साधेल. तो साहेबाला म्हणाला, की बघा, यांनाच ठाऊक नाही कुणाचा दगड कुठला, कसली स्मारकं धरता?

तुळजाबाई त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. उंचीला त्याच्या खांद्याला लागत होती.

"मानूस चुकला आसंल आमचा, चुना नाय चुकला. चाळीस शिमगे एक पन सोडला नाय. तुज्या बापाच्या नावानं तू काय केलंस रे, एक तरी धोंडा पुसलास? लिव साहेब. तिसरा गनूचा, त्याचा पन फोडून दावते."

तिसरा फोडला. गणूच निघाला. साहेबानं तिन्ही नावं वहीत उतरवली, टेप गुंडाळली आणि खुंट्या दोन मीटर वर ठोकल्या. जाताना म्हणाला, "आजी, आता अक्षरं उघडी ठेवा. पुन्हा चुना नका लावू."

"तू वाचलंस ना? लिवलंस ना? मग त्यास्नी उघडं कशापायी ठेवू? शिमगा हाय आठ दिसांवर."

रखमा चुन्याची बादली आणायला घरी गेली. गडी पहारी टेकून बसले. तुळजाबाईनं ओढ्याकडच्या दगडासमोर बैठक मारली, बिडी पेटवून त्याच्यापुढं ठेवली आणि पदर खोचला. मधल्याला सांगितलेलं काही या माणसापर्यंत पोचलंच नव्हतं. तेव्हा तिनं पहिल्यापासून सुरुवात केली, तो गेला त्या पावसाळ्यात पडवीचं छप्पर कसं गळत होतं, तिथून.