मुद्रकाची ओळ

"छापून झालं की कागदाला जरा चहाचं पाणी मार," दिनकरराव म्हणाले. "म्हंजे सोळा वर्सांचा दिसंल."

सुमनबाईंनी हातातली स्टिक खाली ठेवली. स्टिक म्हणजे छपाईचे खिळे, शिशाची अक्षरं, जुळवायची लोखंडी पट्टी. लग्न झाल्यापासून ती त्यांच्या हातून सुटली नव्हती. मानवतच्या समता मुद्रणालयाच्या मालकीण त्याच आणि कंपॉझिटरही त्याच.

"कोणता कागद?"

"अगं, ते अठ्ठ्याहत्तरचं पत्रक. नामांतराला पाठिंब्याचं. रविवारी माझा सत्कार हाय ना, कमिटीला ते फ्रेम करून लावायचंय. आपल्याकडं येकबी शिल्लक न्हाई. मजकूर मला पाठ हाय, मी सांगतो, तू जुळव. आन् खाली मुद्रकाची ओळ घाल, माझ्या नावाची."

"तवा ती ओळ नव्हती."

"आता घाल!"

ऐका! मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते असं. छापील कागदाच्या तळाशी मुद्रकाचं नाव घालायचं, हा कायदा आहे. पण अठ्ठ्याहत्तर साली ह्याच माणसानं ती जुळवलेली ओळ स्वतःच्या चिमटीनं उपसून काढली होती. म्हणाला होता, मजकूर महत्त्वाचा, नाव कशाला? बाईंना तेव्हा वाटलं, काय हा निःस्पृह माणूस! आता आठवलं की स्वतःच्या अकलेची कीव यायची.

तशी भुरळ पडायला कारणही होतं. बाहत्तर साली दिनकररावांनी हुंडा घेतला नाही, भटजी बोलावला नाही, शाळेच्या वर्गात दोन हार घालून लग्न केलं. नंतर प्रत्येक भाषणात ते लग्न निघायचं. "माझी पत्नी माझ्या खांद्याला खांदा लावून खिळे जुळवते," म्हटलं की टाळ्या. खांद्याला खांदा! ह्यांचा खांदा सभेत, बाईंचा खांदा खिळ्यांच्या खणांपाशी. घरी आल्यावर साधा पाण्याचा तांब्या कधी आपल्या हातानं भरून घेतला नाही. पण तेही बाईंनी चालवून घेतलं. संसार आहे, चालायचंच. चालवून घेता आलं नाही ते एकच.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैत मुंबईला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि इकडं मराठवाडा पेटला. त्याच आठवड्यात पत्रक निघालं. दिनकररावांनी लिहिलं, बाईंनी जुळवलं, आणि छपाईचं ट्रेडल मशीन चालवलं ते नागनाथनं. नागनाथ बौद्धवाड्यातला, मशीनवर नऊ वर्षांचा जुना माणूस. तिसऱ्या दिवशी भर दुपारी पत्रक नाचवत जमाव प्रेसपुढं आला. कागदावर नाव नव्हतं, पण गावात प्रेसच एक. लपणार काय? दिनकरराव माडीच्या खिडकीत गेले आणि दोन्ही हात जोडून ओरडले, "मी परभणीला गेल्तो हो! त्या नागनाथनं माझ्या माघारी छापलं!"

नागनाथ तेव्हा मागच्या अंगणात शाईचे रूळ धूत होता. तो दाराकडं धावला. दाराला आतून कडी होती. त्यानं दार बडवलं, बडवलं, आणि मग बडवायचा आवाज थांबला. जमावानं त्याला गाठलं होतं. त्यात उजव्या हाताची तीन बोटं गेली. पुढं तो बायको बायनाबाईला घेऊन देवगाव फाट्याला गेला आणि पंक्चरचं दुकान टाकून बसला.

आणि आता चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव लागलं, तसं ह्यांना आपलं शौर्य आठवलं! पत्रक मीच काढलं, मीच छापलं, म्हणून गावभर सांगत सुटले. कमिटीतली पोरं तेव्हा चड्डीत होती, त्यांना काय ठाऊक?

बाईंनी पत्रक जुळवलं. का जुळवलं? हाताला सवय, दुसरं काय. हे खिळेसुद्धा पंच्याऐंशी साली आणलेले, अठ्ठ्याहत्तरचे नव्हेतच. पण खोट्याला एवढी चाड कुठली? कागद वाळत घातला. दिनकरराव तो उजेडात धरून म्हणाले, "वा! अगदी जुना!" त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघून बाईंना शिसारी आली. उष्ट्या ताटात झुरळ दिसावं तशी.

शनिवारी त्या दुसरी प्रत पिशवीत घालून एस.टी.नं देवगाव फाट्याला गेल्या. नागनाथ ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे बघत होता. केस पांढरे झालेले. बाईंना बघून उठला, बाकडं पुसलं.

"बसा वैनी. च्या सांगू?"

"नको." बाईंनी कागद पुढं केला. त्यानं तळापर्यंत वाचला. हसला नाही, चिडला नाही.

"मालकाचं नाव आलं म्हना की."

"उद्या सत्कार हाय त्यांचा. तू ये, नागनाथ. चार लोकांत खरं सांग. मी तुझ्या बाजूनं बोलते."

"आता बोलता व्हय?"

बाईंनी कागद परत घेऊन पिशवीत घातला.

"मी न्हाई येत. मला शाल नगं, हार नगं. येक सांगू? मालक माडीवर व्हते, समद्यांनी बगितलं. खाली घरात दुसरं कोन व्हतं? कडी कोनी लावली, ते मला तवाच कळलं."

सोळा वर्षं ज्या वाक्याची भीती होती, ते पंक्चरच्या दुकानात नागनाथनं असं सहज बोलून टाकावं!

"मी भ्याले व्हते रे."

"मीबी भ्यालो व्हतो, वैनी," नागनाथ म्हणाला आणि पुन्हा घमेल्याकडं वळला. बायनाबाई आतून पाणी घेऊन आली. तिनं तांब्या बाकड्यावर ठेवला आणि आत गेली.

परतीच्या एस.टी.त नवऱ्याची किळस यायची ती आली नाही. आली ती स्वतःची. नवरा खोटं बोलला, ते तरी खिडकीत उभा राहून. आपण सोळा वर्षं गप्प बसून खोटं बोललो आणि वर दुसऱ्याला नाकं मुरडली. आपलं ठेवायचं झाकून!

रविवारी शाळेच्या पटांगणात मांडव भरला होता. पत्रक काचेच्या चौकटीत. दिनकररावांना शाल, शेजारच्या खुर्चीवर बाईंना खण-नारळ. अध्यक्ष व्यंकटराव म्हणाले, "वहिनींनी दोन शब्द बोलावेत." दिनकरराव हसून कुजबुजले, "लग्नाचं सांग."

बाई माइकपाशी गेल्या.

"हे पत्रक मी ह्याच आठवड्यात जुळवलंय. चहाचं पाणी मारलंय, काच काढून वास घेऊन बघा. अठ्ठ्याहत्तरला ह्यांनी आपलं नाव काढलं आन् नागनाथचं पुढं केलं. तो जीव वाचवायला मागच्या दाराशी आला, तवा आतून कडी मी लावली. मी, सुमननं. त्याची बोटं माझ्यामुळं गेली."

मागच्या रांगेतल्या दोन-तीन बायका उठून उभ्या राहिल्या.

दिनकररावांनी अलगद माइक घेतला. आवाज तोच, गोड. "मंडळी, माफ करा. दोन वर्सांपासून हिची तब्येत बरी नसती. डोक्याला त्रास हाय. तरी आज हट्टानं आली, माझ्यासाठी."

लोक हळहळले. कुणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी वाजवली.

सुमनबाईंनी खण-नारळ टेबलावर ठेवला आणि पायऱ्या उतरून चालत्या झाल्या. मंचापुढं फोटोग्राफर मुंजाजी कॅमेरा लावून केव्हाचा खोळंबला होता. दिनकररावांच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसत होती.

"साहेब, जरा मधी सरका," तो म्हणाला.

दिनकरराव सरकले.