मी कॉल पेट्रीचा अँप

मी कॉल पेट्रीचा अँप बोलतोय. गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. माझा मालक कॉल ऑस्ट्रेलियात पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात वायरमन होता. १९७४ साली त्यानं मला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जोडलं. मी पहिल्यांदा ओरडलो, तेव्हा शेजारणीच्या कोंबड्या दोन दिवस अंडी घालेनात!

मग कॉलनं मित्रांना घेऊन ‘क्लिंकर्स’ बँड काढला. गायक नेव्ह ट्रँटर. कारखान्याची पाळी सुटली की कामगार पबमध्ये बिअर घेऊन उभे राहत. “वाढव रे, कॉल!” नेव्ह ओरडायचा. अकरा वर्षं मी कॉलच्या डोक्यामागे, हातभर अंतरावर बोंबललो. लोक बेभान होत. मला वाटे, आपल्यासारखे आपणच.

मग तो रविवार आला. भरदुपारी पब खच्चून भरलेला, आणि ऐन गाण्यात माझा फ्यूज उडाला. मी मुका झालो.

कॉल मात्र वाजवतच राहिला. डोळे मिटलेले, बोटं तारांवर पळतायत, आणि आवाज शून्य. ड्रम थांबले.

“कॉल! अरे, अँप गेलाय!” नेव्ह ओरडला.

तरीही बोटं पळतच होती. शेवटी नेव्हनं त्याचं मनगट धरलं. कॉलनं डोळे उघडले, हसला. “काय, जमलं ना?”

नेव्हचा चेहरा पांढराफटक पडला. “कधीपासून ऐकू येत नाही रे?”

कॉलनं त्याचे ओठ वाचले. “झाली तीन वर्षं. तुमचे हात बघून सुरुवात करतो, पुढचं बोटांना पाठ आहे.”

“सांगायचंस ना, गाढवा!”

“मग वाजवू दिलं असतंस?”

नेव्हनं त्याचं मनगट सोडलं. मी तर जागच्या जागी गोठलो. ज्याचा आवाज म्हणून मिरवलो, त्याचेच कान मी खाल्ले होते!

बँड त्याच दिवशी संपला. मागे क्लिंकर्सच्या गाण्यांची एक तबकडी उरली. तिच्यातली गाणी इथली नवी पोरं अजून वाजवतात.

त्यांच्यातलीच टेगन गेल्या महिन्यात मला बघायला आली. म्हाताऱ्या कॉलनं नवा फ्यूज बसवला. तिनं तार छेडली, मी कण्हलो.

“कसा वाजतो गं?” कॉलनं विचारलं. “खरंच सांग. मी विसरलोय.”

टेगननं त्याचा तळवा माझ्यावर ठेवला आणि पुन्हा तार छेडली.

थरथर त्याला पोचते, सूर पोचत नाही, आणि मला तो सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणी ती तबकडी ऐकली असेल, तर कॉलला दोन ओळी लिहा. कसं वाजवायचा तो, एवढंच.