पोटाचा टीव्ही

डॉक्टर चंद्रभानांनी खोबरेल तेलाची बाटली तळहातांत धरून कोमट केली आणि आठ महिन्यांच्या पोराच्या फुगलेल्या पोटावर धार सोडली. मशीनसाठी मुंबईहून यायची खास जेली अजून वाटेतच होती. तेलानंही चित्र उमटतं, हे त्यांनी स्वतःच्या पोटावर करून पाहिलं होतं. वर्ध्याच्या त्या दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन येऊन वर्षही झालं नव्हतं. खेड्यांतले लोक त्याला पोटाचा टीव्ही म्हणत. दवाखान्यातले काही डॉक्टरही मनातून तसंच समजत.

पोर पाय पोटाशी घेऊन किंचाळायचं, थोडं निपचित पडायचं, पुन्हा किंचाळायचं. बाप भाजी घेऊन बाजाराला गेलेला, आई तापानं फणफणलेली, म्हणून आजी मनकर्णाबाईच त्याला घेऊन हिंगणघाटकडून एसटीनं आली होती. तिच्या नखांत अजून वाफ्यातली माती होती.

"काल रातीपासून असंच करून राह्यला, डॉक्टरसायेब. बेंबी सरकली असंन म्हनून मीनं तेल लावून चोळूनबी पाह्यलं."

"बरं, आता आम्ही बघतो."

चंद्रभानांनी मशीनचा प्रोब तेलावरून फिरवला, उजवीकडे जरा दाबला, आणि पडद्यावर वर्तुळ उमटलं. त्याच्या आत आणखी एक वर्तुळ, बांगडीत बांगडी ठेवावी तसं. आतड्यात आतडं शिरलं होतं. असलं चित्र त्यांनी आजवर फक्त परदेशी मासिकात पाहिलं होतं.

त्यांना हसू आवरेना. म्हातारीच्या पाठीवर थाप मारायचीच काय ती राहिली.

"घाबरू नका आजी. बसा इथंच, मी आलोच."

ऑपरेशन हा शब्द मोठ्या सर्जनच्या तोंडून निघालेला बरा, असं मनाशी ठरवून ते धावतच निघाले. दारातून वळून पाहिलं तर पोर गप्प झालं होतं, डोळे अर्धवट मिटलेले. हे गप्प होणं बरं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ते धावत होते.

सर्जन सदाशिवराव हात धूत होते.

"तेल चोपडून निदान? चंद्रभान, तू डॉक्टर आहेस की मालिशवाला?"

"सर, उशीर झाला तर आतडं सडेल. एकदा येऊन बघा."

सदाशिवरावांनी थट्टा केली, दोन-चार आडवे प्रश्न विचारले, पण आले. तोवर टेबल रिकामं झालं होतं. रबरी चादरीवर तेवढं तेल सांडलेलं होतं.

"बाई गेली ना, साहेब," वॉर्डबॉय हिरालाल म्हणाला. "म्या म्हटलं थांब. तं म्हने, डॉक्टरनं तेल लावलं, पोट चोळलं, पोरगं झोपलं. डॉक्टरबी हासत गेले. आता थांबून काय करू?"

चंद्रभान एसटी स्टँडवर पोचले तेव्हा हिंगणघाटची गाडी सुटून गेली होती. निरोप धाडावा तर गाव विचारायचंच राहिलेलं. हिंगणघाटच्या दवाखान्यात फोन लावला, तिथं असं पोर कोणी आणलं नव्हतं. आपल्या हसण्याची त्यांना इतकी लाज वाटली की रात्री बायकोलाही सांगवलं नाही.

पंधरवड्यानं मनकर्णाबाई पुन्हा दारात उभी. चंद्रभान खुर्चीवरून उठलेच. तिच्याबरोबर शेजारची धुरपता होती, कडेवर दोनेक वर्षांचं पोर. ते धापा टाकत होतं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता.

"आजी, तुमचा नातू?"

"तो तं त्याच रातीले गेला, बापा."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिनं पदराखालून पालकाची जुडी काढून टेबलावर ठेवली.

"पन तुमी तेल लावल्यावर एकडावबी रडला नाई. झोपल्या झोपल्या गेला. लय उपकार झाले तुमचे."

हिनं शिव्या द्याव्यात, ही जुडी तोंडावर फेकून मारावी, असं चंद्रभानांना वाटलं. ती हात जोडून उभी होती.

धुरपता पुढे झाली. "वैद्य म्हनते, हा काई राह्यत नाई. मले समजते, सायेब. पन त्याचं तरफडनं पाह्यवत नाई. यालेबी तसंच लावून देता का?"

चंद्रभानांनी पोराला टेबलावर घेतलं, बरगड्यांवर तेल लावलं आणि प्रोब टेकवला. पडद्यावर फुप्फुसाच्या भोवती काळं दिसलं. पू साचला होता. नळी घालून काढता येण्यासारखा. प्रोब जरा दाबला तसं पोर कळवळून रडलं.

"हा तं रडून राह्यला!" धुरपताचा चेहरा पडला.

"रडू द्या. रडतोय म्हणजे जीव आहे त्याच्यात. छातीत पू झालाय, तो आत्ताच काढायला लागेल. वाचेल तुमचा मुलगा."

त्यांनी पोराला खांद्यावर टाकलं, दुसऱ्या हातानं धुरपताचं मनगट पकडलं आणि ते सर्जरीच्या वॉर्डाकडे निघाले. मागून मनकर्णाबाई येत होती. व्हरांड्याच्या मध्यावर तिची पावलं थांबली.

"मंग आमचा काऊन नाई रडला, डॉक्टरसायेब?"

खांद्यावरचं पोर धापा टाकत होतं. चंद्रभानांना थांबायला वेळ नव्हता.