तीन दुलयांवर बसलेले साहेब

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. "तळ्यावर पक्षी नाहीत" असं लिहून खाली सही ठोकलीत. त्या सहीच्या जोरावर उद्या सकाळी माझ्यासमोरचं बोरूचं रान, पाण्यातलं ते उंच गवत, पेटवणार आहेत, गुरांना नवं गवत मिळावं म्हणून. तुमचं नाव घेत नाही. तुम्हाला कळतंय.

मित्रांनो, मी एक जुनी लपण आहे. आत गुपचूप बसून पक्षी पाहायची झोपडी. किरगिझ डोंगरांतल्या एका राखीव तळ्याच्या काठी मी उभी आहे. म्हाताऱ्या ओसमोनकुलने बोरूच्या चटया विणून मला उभं केलं, डोक्यावर लोकर थापून केलेला जाड नमदा घातला. इथली माणसं मांडी घालून जमिनीवर बसतात. म्हणून बाहेर पाहायची माझी फटही त्याच उंचीवर आहे. पहाटे हात काखेत धरून लोक यायचे आणि श्वास रोखून पाहायचे. "हिच्यात बसलं की पाखरू मांडीवर आल्यासारखं वाटतं," म्हणायचे. पुढे नमदा फाटला, एक चटई वाऱ्याने नेली. वरून कुणी विचारलं नाही. तळ्याची राखणदार बुरुल, ओसमोनकुलची सून, तीच मला सुतळीने बांधत राहिली.

मग एका पहाटे तुम्ही तळ्यावर पक्षी आहेत का ते तपासायला आलात.

दारासमोरची आतली जागा पाहुण्याच्या मानाची. ओसमोनकुलने तिथे दुलई घातली. तिच्यावर दुसरी. मग तिसरी.

"अताके, एक तरी काढा," बुरुल सासऱ्याच्या कानाशी लागली. "फट खाली राहतेय."

"पाहुण्याच्या बुडाखालची दुलई ओढू? दाढी पांढरी झाली म्हणून अक्कलही गेली का माझी?"

तुम्ही चढून बसलात. तुमच्या डोळ्यांसमोर माझी भिंत, नुसत्या काड्या. खाली फटीपलीकडे धुकं विरत होतं, आणि खडा टाकला तर पोचेल इतक्या जवळ पट्टकादंब या रानहंसाची मादी अंड्यांवर बसली होती. नर मान ताठ करून आमच्याकडेच बघत होता. मित्रांनो, हाच पक्षी हिवाळ्यात हिमालय ओलांडून तुमच्या तळ्यांवर उतरतो. आत कुणी मोठ्याने खोकलं असतं तरी ती उडाली असती, अंडी गारठ्यात उघडी पडली असती. मी वाऱ्यात एक काडी वाजू दिली नाही.

शेवटी बुरुल हळूच बोललीच. "साहेब, जरा खाली बसता का? समोरच आहे."

"मला इथून सगळं दिसतंय."

"काय दिसतंय?"

"काहीच नाही. तेच तर म्हणतोय मी."

ओसमोनकुलने हातातला चहाचा वाडगा खाली ठेवला. जन्मात जे केलं नव्हतं ते म्हाताऱ्याने केलं. तो म्हणाला, "चूक माझी झाली, साहेब. उतरा. मी हात धरतो."

तुम्ही गालात हसलात. "काय म्हातारबा, बसलेल्या पाहुण्याला उठवता? हीच का तुमच्याकडची रीत?"

त्याने तुमचा वाडगा भरला. तुम्ही चहा संपवलात, गाडीत बसलात, गेलात.

बोरू जाळायचा हुकूम काल आला. तेव्हापासून पुन्हा येऊन बघा म्हणायला बुरुल तुम्हाला फोन लावतेय, तुम्ही उचलत नाही. ओसमोनकुलने तिन्ही दुलया घरी नेल्या आणि फटीसमोर जमिनीवर एक पातळ नमदा अंथरला. तुमच्यासाठी, साहेब. स्वतः दाराबाहेर वाट बघत बसलाय.

मित्रांनो, मीही बोरूचीच. उद्या काडी लागली की मी पहिल्या झपाट्यात जाईन. माझं सोडा, मला पुन्हा विणता येतं. तुम्ही कधी काही पाहायला गेलात, तर आधी खाली बसा. मान नंतर घ्या.

मादी अजून अंड्यांवरून उठलेली नाही, साहेब. तुम्ही जमिनीवर बसणार आहात की नाही? उजाडायच्या आत सांगा.